मधाच्या रंगाचे पडदे

६ सप्टेंबर

ट्रेनिंगचा पहिला दिवस. प्रसूतिगृहाच्या मागच्या इमारतीत, धुलाईच्या खोलीला लागून वर्ग भरतो. त्यामुळे शिकवण्याला गरम चादरींचा वास येतो. मला तो आवडला. बाळंतीण आणि नवजात बाळ यांची काळजी, असा कोर्स. शेवटी प्रॅक्टिकल आणि सर्टिफिकेट.

वर्गात मी वयाने सर्वांत मोठी. शेजारची मुलगी सारखं च्युइंगम चघळते. तिने विचारलं, काकू, कुणाला सोडायला आलात का. मी गोड हसले.

सूनबाईचे दिवस भरत आलेत. तिची आई यायचं म्हणते आहे. विहीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण अनट्रेन्ड. घरातच शिकलेलं माणूस असल्यावर बाहेरून कुणाला बोलवायची गरज उरणार नाही. तसं यांना सांगितलं. हे पेपरमागून म्हणाले, परीक्षा तू देणार की ती.

संयम हा या पेशातला पहिला गुण.

१० सप्टेंबर

शिकवणाऱ्या मिडवाइफबाईंना मी मनातल्या मनात फौजदारबाई म्हणते. आखूड केस, बिनइस्त्रीचा एप्रन, आणि आवाज असा की कपाटातली रबरी बाहुलीसुद्धा सावरून बसावी.

आज बाहुलीला दुपट्यात गुंडाळायचं होतं. माझी घडी सर्वांत सुबक. कोपरे कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या सिस्टरांनी शिकवले तसे. फौजदारबाई म्हणाल्या, काकू, पार्सल फार सुंदर झालंय, बाळ श्वास कुठून घेणार तेवढं सांगा. नाक झाकलं गेलं होतं. पण घडीचं कौतुक त्यांनी केलंच.

१३ सप्टेंबर

अंघोळीचं प्रॅक्टिकल. बाहुलीची मान निखळून टबात पडली. बाहुली जुनी आहे. च्युइंगमवाली हसता हसता बाकावरून घसरली. फौजदारबाई म्हणाल्या, आधार द्या म्हटलं होतं काकू, ओढा नाही. मी ठरवलं, उद्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास नोट्स वाचायच्या.

१४ सप्टेंबर

संध्याकाळी पाहुणे. नोट्स उद्या.

१६ सप्टेंबर

आजचा विषय काविळीचा. बऱ्याच बाळांना थोडी होते आणि जाते, पण काहींची वाढते. मग बाळ पेंगतं, दूध सोडतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर मेंदूपर्यंत जाते. ऐकवत नाही असलं. एवढ्याशा जिवाबद्दल असं कशाला बोलायचं?

फौजदारबाईंचा सगळा भर खिडकीवर. बाळ उघडं करा, खिडकीशी न्या, पडदा सारा, पांढऱ्या उजेडात बघा. बोटाने दाबून सोडा. आधी चेहरा, मग छाती, मग मांड्या. पिवळेपणा वरून खाली उतरतो. आणि म्हणाल्या, रडणारं बाळ तुम्हाला स्वतः बोलावतं, न रडणाऱ्याकडे तुम्हाला जावं लागतं. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की माझं मन दुसरीकडे गेलं. खिडकीवरून पडद्यांची आठवण झाली.

बाळाच्या खोलीत पडदे नाहीत. तासाच्या उरलेल्या वेळात मी अंदाजाने मापं मांडली, खालची झालरही कागदावर काढून पाहिली. वेळ वाया गेला नाही म्हणायचा.

१८ सप्टेंबर

कापड आणलं. मधासारखा पिवळा रंग. दुकानदार म्हणाला, बाई, आकाशी घ्या, सगळे तोच नेतात. मी ऐकलं नाही. आमच्या बोर्डिंगमधल्या आजारी मुलींच्या खोलीला असे पडदे होते. ताप आला की सिस्टर तिथे निजवायच्या. दुपारी त्या कापडातून ऊन आलं की भिंती, उशी, पाण्याचा पेला, सिस्टरांचा गार हात, सगळं मधात बुडल्यासारखं दिसे. तिथे कुणी रडत नसे. शहाण्या मुली रडत नाहीत, सिस्टर म्हणायच्या. त्या खोलीइतकं सुरक्षित मला पुढे कुठे वाटलं नाही.

माझ्या नातवंडाने डोळे उघडावेत ते त्या उजेडात.

२२ सप्टेंबर

आज बाळंतिणीच्या मनाचा तास. हा विषय माझा. अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. बाळंतिणीला उगाच रडू येतं, झोप लागत नाही, बाळाला काहीतरी झालंय असं वाटत राहतं. काहींचं वाढतं, त्यांना उपचार लागतात. फौजदारबाई म्हणाल्या, पण आई काही सांगते तेव्हा ते आधी खरं धरायचं. बाळ तपासायचं. मनाचं नंतर.

हे मला पटलं नाही. प्रत्येक आईचं खरं धरायचं तर आपण शिकायचं कशाला?

२५ सप्टेंबर

पडदे लागले. कडेने वारा येऊ नये म्हणून चौकटीला कापडी पट्टी ठोकून त्यावर सेफ्टीपिनांनी पक्के केले. खोली अगदी तशीच दिसते. मी खुर्चीवर बसून राहिले, डोळे भरून आले.

सूनबाई छापखान्यात नोकरीला आहे. छापलेले कागद मूळ चित्राशी ताडून रंग बरोबर उतरलेत का ते बघणं तिचं काम. दारात उभी राहून म्हणाली, आई, छान आहे, पण या खोलीत मला कुठलाच रंग कळत नाहीये. मी म्हटलं, आता सुट्टीवर आहेस ना. ऑफिस ऑफिसात ठेव.

२९ सप्टेंबर

मुलगा झाला. सिझेरियन. चिरंजीव बांधकामाच्या साइटवरून धुळीच्या बुटांनीच आले. विहीणबाईंना फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे, घाई करू नका, इथे ट्रेन्ड माणूस आहे.

बाळाची बोटं चिरंजीवांसारखी. आणखी काही लिहिता येत नाही.

२ ऑक्टोबर

बाळ घरी. निघताना डॉक्टर म्हणाला, थोडा पिवळेपणा दिसतोय, परवा दाखवायला आणा. डॉक्टर अगदीच पोरगा आहे, स्टेथोस्कोपची नळी चावतो. मी त्याला ट्रेनिंगचं सांगितलं. तो म्हणाला, वा, मग तुम्हाला माहीतच आहे.

हे वाक्य यांना मुद्दाम ऐकवलं.

चिरंजीव संध्याकाळी साइटवर परतले. रविवारी येतील. जाताना म्हणाले, आई, तिच्याकडे बघ. मी म्हटलं, दोघांकडे बघेन. बाळाला पडद्याखालच्या पाळण्यात ठेवलं. अंगावर ऊन असं पसरलं की सोन्याचा घडवला असावा. तेव्हापासून त्याला मी सोनुला म्हणते.

३ ऑक्टोबर, सकाळ

सोनुला काय गुणी आहे. रडत नाही. हाक मारली की भुवई हलवतो, परत झोपतो. आमचे चिरंजीव सहा महिने रडत होते. मी न्हाणीघरात नळ सोडून बसायची, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. तेव्हा मला कुणी शिकवलेलं नव्हतं. हा फरक ट्रेनिंगचा.

३ ऑक्टोबर, दुपार

सूनबाई म्हणते, आई, हा दूध ओढत नाही. दोन घोट घेतो की झोपतो, तळपाय चोळले तरी उठत नाही. मी म्हटलं, पोट भरलं म्हणून झोपतो. झोपलेल्या बाळाला उठवू नये. फौजदारबाई उठवून पाजा म्हणतात, पण ते अशक्त बाळांसाठी असावं. नोट्समध्ये बघायला हवं.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ

सूनबाई रडली. उगाच. कारण विचारलं तर म्हणाली, नॅपी सकाळपासून जवळजवळ कोरडी आहे, आणि जरा ओली झाली ती गडद. पुन्हा पुन्हा नॅपी उघडून बघते. लक्षणं हुबेहूब तासात सांगितली तशी. तिला न कळवता निरीक्षण चालू ठेवायचं ठरवलं.

फोनवर सारखं काहीतरी वाचते, त्यानेच घाबरते. विश्रांतीसाठी फोन माझ्या कपाटात ठेवला. तिने हात पुढे केला होता. मी त्या हातात सूपची वाटी दिली.

४ ऑक्टोबर

आज दाखवायला न्यायचं होतं. बाहेर वारा आहे, तिचे टाके ओले आहेत, आणि दवाखान्यात नाही नाही ते आजार. फोन करून कळवलं, घरी ट्रेन्ड व्यक्ती आहे, पुढच्या आठवड्यात येऊ. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, बरं म्हणाली, ठेवला.

हे पाळण्यात डोकावून म्हणाले, अग, हा पिवळा नाही का वाटत. मी म्हटलं, या खोलीत तुम्हीही पिवळे दिसता. यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, त्यांच्या डोळ्यांवर काय विसंबायचं? हे काही वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग परत पाळण्याकडे. मग बाहेर गेले.

४ ऑक्टोबर, दुपार

चहा घेऊन गेले तर सूनबाई बाळाला उराशी धरून, भिंतीचा आधार घेत दाराकडे निघालेली. घामाने भिजलेली. विचारलं, कुठे. म्हणाली, स्वयंपाकघरात, तिथे ट्यूबलाइट आहे, मला फक्त याचा रंग बघायचाय. बाळ माझ्याकडे घेतलं, तिला परत निजवलं. ती म्हणाली, आई, छापखान्यात आम्ही असल्या उजेडात एक कागदसुद्धा पास करत नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने मान वळवली.

सिस्टरांनी हात फिरवला की मी अशीच भिंतीकडे वळायची. बरं वाटत असे म्हणून.

उद्या वर्गात तिची केस मांडायची. नाव न घेता.

५ ऑक्टोबर, दुपार

वर्गात दोघांची केस मांडली. च्युइंगमवालीने चघळणं थांबवलं, यावरून परिणाम कळावा. आधी सोनुल्याचं सांगितलं, मनाच्या विषयाची प्रस्तावना म्हणून. शांत बाळ, रडत नाही, भरपूर झोपतं, दुधाचा हट्ट नाही. आज सकाळी मात्र एकदा विचित्र बारीक आवाजात किंचाळला आणि पाठ मागे ताणली. आळस देत असावा.

फौजदारबाईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी खाली ठेवला. विचारलं, बाळाला खिडकीशी नेलं होतं का. मी म्हटलं, पाळणाच खिडकीशी आहे. म्हणाल्या, पडदा सारून? मी म्हटलं, पडद्यातून उजेड अगदी मऊ येतो. म्हणाल्या, कसला पडदा. मी रंग सांगितला. शाळेतल्या खोलीचंही थोडं सांगितलं.

त्या कपाटातून बॅग काढू लागल्या. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घरी जा, बाळाला कपड्यात गुंडाळून तयार ठेवा, मी दवाखान्यात फोन लावून मागोमाग येते. वर्ग सोडून दिला. मुली माझ्याकडे बघत होत्या. मुख्य मिडवाइफ स्वतः एका विद्यार्थिनीच्या घरी येणं, हे आजवर झालं नसावं.

घरी आले. कपाटात सकाळचा स्पंजकेक होताच. ट्रेवर लेसचा रुमाल घातला. पडद्यांच्या झालरीवर इस्त्री फिरवायची होती, तेवढ्यात बेल.

५ ऑक्टोबर, नंतर

क्रमाने लिहिते.

त्यांनी चपला काढल्या नाहीत. केककडे बघितलं नाही. थेट आत. सूनबाई बिछान्यात उठून बसली आणि एका दमात बोलत सुटली, दूध ओढत नाही, कोरडी नॅपी, पिवळा वाटतो पण इथे सगळंच पिवळं आहे, मला कुणी खिडकी उघडू देत नाही. मी मध्ये म्हणाले, तेच मी वर्गात सांगत होते, लक्षणं बघा. फौजदारबाई म्हणाल्या, काकू, एक शब्द नको.

पडदा ओढला. माझ्या पिना मजबूत होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी हिसडा दिला, तेव्हा दांडीसकट सगळं खाली आलं. केवढा तरी उजेड आत आला.

चादर पांढरी होती, पांढरी दिसली. उशी पांढरी. भिंत राखाडी निघाली. सूनबाईचा चेहरा कागदासारखा. यांचा सदरा निळा. एकेक वस्तू आपापल्या रंगात परत आली. बाळ तेवढं आलं नाही.

त्यांनी कपडे सोडले, कपाळावर बोट दाबून सोडलं, मग छातीवर, मग मांडीवर, मग तळपायावर. मी प्रत्येक वेळी बघत होते. मग बाळाचा हात उचलून सोडला. तो चिंधीसारखा पडला. डॉक्टरांकडे न्यायचा दिवस कधीचा होता, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, कालचा. आणि गाडीची किल्ली शोधायला गेले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

सूनबाईने टाके धरून पायात चपला सरकवल्या. मी तिचा फोन कपाटातून काढून दिला. तिने तो माझ्या बोटांना स्पर्श न होऊ देता घेतला.

गाडीत मला जागा नव्हती.

६ ऑक्टोबर, सकाळ

सोनुला निळ्या दिव्यांखाली आहे. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त नॅपी. काचेतून बघितलं. निळ्या उजेडात कुठला रंग आहे ते कळत नाही. रात्रीतून कावीळ उतरली तर ठीक, नाही तर रक्त बदलायचं असं ठरलं होतं. थोडी उतरली आहे. संध्याकाळी परत बघणार.

चिरंजीव पहाटे आले. बायकोजवळ बसले. मी थर्मासमधला चहा पुढे केला. म्हणाले, आई, ठेव तिथे. विहीणबाई वाटेत आहेत. त्यांना कुणी बोलावलं ते मी विचारलं नाही.

त्या पोरगेल्या डॉक्टरने मला ओळखलं. नळी चावली नाही. म्हणाला, एक दिवस आणखी गेला असता तर. वाक्य पूर्ण केलं नाही. हल्लीच्या मुलांना वाक्यं पूर्ण करायला कुणी शिकवत नाही.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ

रक्त बदलावं लागणार नाही. यांनी बाकावर बसून डोळे पुसले. मोतीबिंदू असेल. मीही पुसले.

१० ऑक्टोबर

बाळ घरी. रंग आमच्यासारखाच, साधा. डॉक्टरने सांगितलं, पोरगं बरं आहे, पण एवढी कावीळ चढली की कधी कधी कानावर जाते. महिन्याने यंत्राने तपासू, तोवर नक्की सांगता येणार नाही.

खोलीत आता विहीणबाई असतात. अनट्रेन्ड आहेत, पण दर दोन तासांनी बाळाला उठवून पाजतात. न चुकता. खिडकी उघडी. पडद्यांचं कापड हे गाडी पुसायला वापरतात. चांगलं टिपतं म्हणाले.

माझ्या हातात बाळ देत नाहीत. कुणी नाही म्हणत नाही, फक्त ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं.

१४ ऑक्टोबर

फौजदारबाईंनी बोलावलं होतं. सर्टिफिकेट या खेपेला नाही. नवजात बाळाचा भाग पहिल्यापासून करायचा. बहुधा वर्गाला माझी सवय झाली आहे. म्हणाल्या, काकू, तुमचा हात मऊ आहे, डोळे उघडे ठेवायला शिका. च्युइंगमवाली पास झाली. तिने मला एक गोळी दिली. दाताला चिकटली.

बाहुलीला नवीन मान बसवली आहे.

१७ ऑक्टोबर

विहीणबाई बाजारात, चिरंजीव साइटवर, हे गाडीपाशी. सूनबाई खुर्चीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ झोपलेलं. मी सूप घेऊन दारापर्यंत गेले. ती म्हणाली, टेबलावर ठेवा. मोठं भांडं होतं. ठेवताना स्टीलचं झाकण निसटलं आणि फरशीवर पडून गरगरत राहिलं.

आम्ही दोघींनी बाळाकडे बघितलं.

ते हललं नाही.

झाकण गरगर थांबून आडवं झालं. सूनबाईचा श्वास मला ऐकू येत होता. तोंडाशी आलं होतं, किती शांत झोपलाय. जीभ उचलली गेली नाही. मी वाकले, झाकण उचललं, हात वर केला आणि मुद्दाम सोडलं.

बाळाचे दोन्ही हात फुलासारखे उघडले, चेहरा चुरगळला, आणि त्याने असा टाहो फोडला की यांनी बाहेर गाडीचं बॉनेट आपटून धाव घेतली. लाल झाला होता. पार लालबुंद, कानाच्या पाळ्यांपर्यंत. सूनबाई हसत होती की रडत होती कळेना. म्हणाली, आई, बाहेर व्हा. मग म्हणाली, झाकण घेऊन जा.

मी झाकण घेऊन बाहेर आले, दार ओढलं. यंत्राची तपासणी पुढच्या महिन्यात आहेच. संध्याकाळी अर्धा तास नोट्स वाचायच्या होत्या. वाचल्या नाहीत. हे म्हणाले, स्वयंपाकघरात नळ सुरू राहिलाय. मी जाऊन घट्ट बंद केला, आणि दाराबाहेर स्टुलावर येऊन बसले. आत तो अजून रडत होता.